कॅव्हिटीतल्या एकट्या अणूची प्रकाशावरची पकड पुन्हापुन्हा का सुटते? दोष शोधायचा क्रम

लक्षण ठरलेलं असतं. कॅव्हिटीचे (म्हणजे प्रकाश ज्यांच्यामध्ये पुन्हापुन्हा फिरत राहतो त्या समोरासमोरच्या दोन) आरसे नुकते बसवलेले, लॉक (त्यांच्यातलं अंतर लेसरशी जुळवून धरणारी यंत्रणा) धरलेला, आत रुबिडियमचा एकच अणू. प्रोब (तपासणीच्या) लेसरची फ्रिक्वेन्सी फिरवली की एका शिखराच्या जागी दोन शिखरं स्वच्छ उभी राहतात. काही आठवडे सुरळीत जातात. मग मधली दरी भरत जाते आणि शेवटी एकच जाड ढेकूळ उरतं. आरशांचे स्क्रू फिरवले, लेसरची पॉवर वाढवली, अणूंचा ढग दाट केला, की चार दिवस बरं दिसतं आणि मग ये रे माझ्या मागल्या. पॉवर वाढवणं तर उलटंच पडतं. ते का, ते पुढे येईल.

हा क्रम पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या प्रयोगशाळेत शीत अणूंवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तितकाच तो सांगली-साताऱ्यात राहून रिकामी कॅव्हिटी उभी करू पाहणाऱ्या एमएस्सीच्या प्रयोगशाळांसाठीही आहे. एकटा अणू पकडायची सामग्री इथल्या कॉलेजांत सहसा नसते. पण खाली दिलेल्या तपासण्यांपैकी बहुतेक तपासण्यांना अणू लागतच नाही, आणि दोषही बहुतेक वेळा अणूत नसतो, आरशावर असतो.

स्क्रूला हात लावण्याआधी शिखरांचा आकार बघा

दोन शिखरांमधलं अंतर सांगतं की अणू आणि फोटॉन (प्रकाशाचा कण) किती वेगाने एकमेकांशी ऊर्जेची देवाणघेवाण करतात. या दराला 'जी' म्हणतात आणि अंतर असतं जीच्या दुप्पट. शिखरांची जाडी म्हणजे दोन गळत्यांची सरासरी: आरशांतून फोटॉन गळण्याचा दर 'कप्पा' आणि अणूने बाजूला प्रकाश फेकण्याचा दर 'गॅमा' (इथे दोन्ही पूर्ण रुंदी म्हणून धरले आहेत). रुबिडियमच्या ७८० नॅनोमीटरच्या रेषेसाठी गॅमा ६.०७ मेगाहर्ट्झ असतो. तो निसर्गाने दिलेला आहे, त्यात आपण काही करू शकत नाही.

म्हणून शिखरं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतात आणि तिन्हींची कारणं वेगळी असतात. अंतर तेवढंच राहून शिखरं जाड झाली, तर एकतर आरशांचा तोटा वाढला आहे किंवा लॉक थरथरतो आहे. शिखरं बारीक राहून एकमेकांजवळ सरकली, तर जी घटला आहे. अणू चुकीच्या जागी आहे, चुकीच्या उपपातळीत आहे, नाहीतर प्रोबचा प्रकाश जास्त झाला आहे. आणि एक शिखर उंच, दुसरं बुटकं झालं, तर कॅव्हिटीची लांबी अणूच्या रेषेपासून सरकली आहे. हे वर्गीकरण न करता दुरुस्ती सुरू केली की आठवडे वाया जातात, कारण एका दोषाचा उपाय दुसऱ्या दोषाला झाकून टाकतो.

आता आकडे घालून बघू. २५ मिलिमीटर वक्रता-त्रिज्येचे दोन आरसे १ मिलिमीटर अंतरावर ठेवले, तर ७८० नॅनोमीटरला किरणाची कंबर (सर्वांत बारीक जागची त्रिज्या) २९.५ मायक्रॉन येते, ३० धरू. फिनेस (प्रकाश गळून जाण्याआधी किती फेऱ्या मारतो याचं माप) १ लाख असेल तर कप्पा १.५ मेगाहर्ट्झ आणि जी सुमारे ५.५ मेगाहर्ट्झ. शिखरांमधलं अंतर ११, जाडी ३.८. दोन्ही शिखरं नीट सुटी दिसतात. याच कॅव्हिटीचा फिनेस १० हजारांवर आला, तर जीला धक्काही लागत नाही, तो ५.५ च राहतो. कप्पा मात्र १५ होतो, जाडी साडेदहाच्या घरात जाते आणि ११ चं अंतर त्या जाडीत बुडून जातं. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटतं की कपलिंग (अणूची प्रकाशावरची पकड) गेलं. कपलिंग जागेवर आहे, गळती वाढली आहे.

लांबी कमी करण्याचा मोह

दोष सापडला नाही की बरेच जण कॅव्हिटी आखूड करायचं ठरवतात. आखूड केली की जी वाढतो, हे खरं आहे. पण खरी मोजपट्टी को-ऑपरेटिव्हिटी आहे, म्हणजे जीच्या वर्गाच्या चौपटीला कप्पा आणि गॅमाच्या गुणाकाराने भागून येणारी संख्या. ती सोडवली की लांबी गळून जाते. उरतो फक्त फिनेस भागिले कंबरेचा वर्ग.

याचं चित्र डोळ्यासमोर आणणं सोपं आहे. ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला रुबिडियमचा अणू जास्तीत जास्त ०.२९ चौरस मायक्रॉन एवढा 'दिसतो'. ३० मायक्रॉन कंबरेच्या किरणाचं परिणामी क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस मायक्रॉन. म्हणजे एका फेरीत फोटॉन अणूला भिडण्याची शक्यता सुमारे पाच हजारांत एक. फिनेस तीच फेरी हजारो वेळा मारायला लावतो, म्हणून गाठ पडते. वरच्या उदाहरणात को-ऑपरेटिव्हिटी १३ येते. अणू आत असताना कॅव्हिटीच्या मधोमध पाठवलेला प्रकाश एक भागिले चौदाचा वर्ग, म्हणजे अर्ध्या टक्क्यावर येतो. फिनेस १० हजारांवर आला तर को-ऑपरेटिव्हिटी १.३ होते आणि तोच अणू १९ टक्के प्रकाश जाऊ देतो.

तेच आरसे ठेवून लांबी दहापट कमी केली तर कंबरही बारीक होते, पण सावकाश, १.८ पट. को-ऑपरेटिव्हिटीत मिळकत ३.२ पट. त्या बदल्यात आरशांमध्ये ०.१ मिलिमीटरची फट उरते. त्यातून अणू आत नेणं आणि बाजूने लेसर मारणं दोन्ही अवघड होऊन बसतं. आणि पुढे दिसेल की धुळीचा एक कण एकट्याने दहापट नुकसान करतो. आधी गळती बंद करा, मग लांबीचं बघा.

आरसे समकेंद्री अंतराच्या (दोन्ही आरशांच्या वक्रतेचं केंद्र एकच होतं त्या अंतराच्या) जवळ, म्हणजे ५० मिलिमीटरला जेमतेम ०.१ मिलिमीटर कमी ठेवून कंबर १७ मायक्रॉनपर्यंत आणता येते. अणूंना जागाही भरपूर मिळते. पण आरशावरचा ठिपका त्यात ३७० मायक्रॉनचा होतो आणि किंचित कलही सहन होत नाही. लॉक बसवायची सवय झालेली नसेल तर या रचनेच्या वाटेला जाऊ नये.

फिनेस मोजा, अंदाज करू नका

रिंगडाउन ही सर्वांत विश्वासार्ह पद्धत. कॅव्हिटीत प्रकाश भरायचा, पलीकडच्या फोटोडायोडने ठरावीक पातळी ओलांडली की ध्वनिप्रकाशीय स्विचने लेसर तोडायचा आणि उरलेला प्रकाश कसा विझतो ते ऑसिलोस्कोपवर घ्यायचं. विझण्याचा काळ म्हणजे फिनेस गुणिले लांबी, भागिले पाय (π) आणि प्रकाशवेगाचा गुणाकार. १ लाख फिनेस आणि १ मिलिमीटरला हा काळ फक्त १०६ नॅनोसेकंद येतो. स्विच बंद व्हायलाच तेवढा वेळ लागला तर तुम्ही कॅव्हिटी मोजत नाही, स्विच मोजता. म्हणून स्विचमधून जाणारा किरण बारीक फोकस करा आणि डिटेक्टर निदान ५० मेगाहर्ट्झचा घ्या. सरावासाठी आणि आरशांच्या चाचणीसाठी तेच आरसे ५ सेंटिमीटरच्या जरा आत, स्थिरतेच्या कडेपासून पुरेसे दूर ठेवा. काळ ५ मायक्रोसेकंदांच्या आसपास जातो आणि साध्या उपकरणांवरही स्वच्छ मोजता येतो. उघड्या हवेत मोजताना एखादं वाचन मध्येच कोसळतं, कारण तरंगणारा कण किरणातून गेलेला असतो. वीस-तीस वाचनं घ्या आणि मधलं धरा.

स्विच नसेल तर दुसरी वाट. लेसरवर २० मेगाहर्ट्झचे साइडबँड (मुख्य फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंच्या जोड-फ्रिक्वेन्सी) चढवा, पीझोने (व्होल्टेज दिलं की किंचित सरकणाऱ्या स्फटिकाने) लांबी सावकाश सरकवा आणि साइडबँडमधलं अंतर पट्टीसारखं वापरून शिखराची रुंदी काढा. इथे दोन फसगती होतात. लेसरचीच रुंदी १ मेगाहर्ट्झ असेल तर १.५ मेगाहर्ट्झची कॅव्हिटी जाड दिसणारच. रिंगडाउनला हा त्रास नाही. आणि पीझो भरभर फिरवला तर शिखराच्या एका अंगाला लाटा उठतात. शिखर ओलांडायला लागणारा वेळ विझण्याच्या काळाच्या निदान शंभरपट ठेवा.

निर्वातात रुबिडियमची वाफ असताना अणूच्या रेषेवर फिनेस कधीही मोजू नका. वाफच प्रकाश खाते आणि आरसे खराब झाल्यासारखं वाटतं. लेसर काही गिगाहर्ट्झ बाजूला नेऊन मोजा.

रिंगडाउनच्या जोडीला शिखरावरचं पारगमनही (पलीकडे निघणारा प्रकाश) टिपून ठेवा, कारण या दोन आकड्यांची जोडी पुष्कळ बोलते. आरशांचं पारगमन ठरलेलं असताना शिखरावरचा प्रकाश फिनेसच्या वर्गाने बदलतो. फिनेस निम्मा आणि प्रकाश पाव, तर दोष आरशावर. फिनेस जैसे थे आणि प्रकाश निम्मा, तर आरसे निर्दोष आहेत. आत जाणारा किरण कॅव्हिटीच्या मोडशी (आत टिकणाऱ्या प्रकाशाच्या आकाराशी) जुळत नाही. अशा वेळी लेन्स आणि बाहेरचे दोन वळण-आरसे सुधारा. सगळे मोड स्कॅन करून शून्य-शून्य (सर्वांत साध्या, एकाच ठिपक्याच्या) मोडमध्ये किती टक्के प्रकाश जातो ते बघा. ८० टक्क्यांच्या वर समाधान मानायला हरकत नाही.

एका कणाचा हिशेब

१ लाख फिनेस म्हणजे एका फेरीतला एकूण तोटा ६३ पीपीएम (दशलक्षात ६३). समजा त्यातले २०-२० दोन आरशांचं पारगमन आहे. मग विखुरणं आणि शोषण यांना दोन्ही आरसे मिळून उरतात फक्त २३. आरशाच्या काचेचा खडबडीतपणा ०.१ नॅनोमीटर असेल तर विखुरण्याचा तोटा २.६ पीपीएम होतो आणि ०.२ असेल तर १० च्या वर जातो. म्हणूनच सुपरपॉलिश काच आणि आयन-बीम स्पटरिंगचा लेप यांना पर्याय नाही.

आता त्या आरशावर ठिपक्याच्या मध्यभागी १ मायक्रॉन व्यासाचा एक कण बसला आहे असं धरा. नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही. त्याने अडवलेल्या प्रकाशाचा साधा भूमितीचा हिशेब केला तरी ५५५ पीपीएम येतात. प्रत्यक्षात विखुरण्यामुळे जास्तच. ६३ मध्ये ५५५ मिळवले की फिनेस १ लाखावरून १० हजारांवर येतो आणि शिखरावरचं पारगमन ४० टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली. स्क्रू कितीही फिरवले तरी हा तोटा भरून निघत नाही.

आपल्या भागात हे कण कुठून येतात ते सांगायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की बगॅसची काजळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलेली दिसते. जी दिसते ती मोठी. त्रासाची ती जी दिसत नाही आणि खिडकीच्या फटीतून आत येते. सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची भुकटी, उन्हाळ्यात शेतांतली माती. आरसे उघडण्याचं काम शक्यतो पावसाने धूळ बसल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस उरका. हंगामात उघडावेच लागले तर ऑप्टिकल टेबलावर हेपा फिल्टरचा लॅमिनार फ्लो लावा आणि पंखा अर्धा तास चालल्यावरच डबी उघडा. छताचा पंखा बंद, खादीचे आणि लोकरीचे कपडे बाहेर.

निर्वात न उघडता कण कुठे आहे ते शोधणं

ही युक्ती फार कमी जण वापरतात, म्हणून जरा विस्ताराने. शून्य-शून्य मोडचा प्रकाश ठिपक्याच्या मध्यभागी सर्वांत तीव्र असतो. एक-शून्य मोडच्या मध्यभागी मात्र काळी रेघ असते. आत जाणारा किरण मुद्दाम किंचित तिरका करून एक-शून्य मोडवर लॉक करा आणि त्याचंही रिंगडाउन घ्या. या मोडचा काळ शून्य-शून्यपेक्षा जास्त आला तर डाग नेमका मधोमध आहे. दोन्ही सारखेच घसरलेले असतील तर तोटा सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला आहे, म्हणजे कण नसून थर आहे. कणाचा आणि थराचा उपाय वेगळा असतो.

कण असेल आणि आरसा आडवा सरकवायची सोय असेल, तर १००-२०० मायक्रॉन सरकवा. ठिपका ३० मायक्रॉनचा आहे, तेवढ्याने तो स्वच्छ जागी येतो. कॅव्हिटी बांधतानाच एका आरशाला ही सोय ठेवली तर पुढे निर्वात उघडण्याचे कितीतरी प्रसंग टळतात.

दोन आरशांपैकी खराब कोणता हे बाहेर काढल्यावर ठरवायचं असेल तर तिसरा आरसा घ्या. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा अशा तीन जोड्यांचे तोटे मोजा. तीन बेरजांवरून तिघांचे वेगवेगळे तोटे निघतात.

साफ करणं

आधी बघा, मग पुसा. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली आरसा ठेवून कडेने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल असा टॉर्चचा प्रकाश टाका. स्वच्छ आरसा काळाभोर दिसतो. कण चांदण्यांसारखे चमकतात आणि बोटाच्या तेलाचा थर धुरकट दिसतो. कोरडं कधीही पुसू नका, कारण कण घासला की लेपावर ओरखडा पडतो आणि तो कायमचा असतो.

नवा लेन्स टिश्यू आरशावर अलगद ठेवा, त्यावर स्पेक्ट्रोस्कोपिक दर्जाच्या मिथेनॉलचा एकच थेंब सोडा. टिश्यू पृष्ठभागाला चिकटला की एका दिशेने, एका वेगाने ओढून घ्या. ओल्या भागामागची कड आरशावरून निघताना तिच्या पाठोपाठ पृष्ठभाग कोरडा होत गेला पाहिजे. मागे थेंबांची माळ राहिली तर वेग जास्त झाला किंवा द्रव जास्त पडला. तो टिश्यू फेकून द्या, दुसऱ्यांदा वापरू नका. अ‍ॅसिटोन चिकट डागांना चांगलं, पण ते झपाट्याने उडतं आणि पृष्ठभाग गार करतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यावर लगेच बाष्प धरतं आणि पांढुरका वण राहतो. पावसाळ्यात शेवटचा हात मिथेनॉलचाच द्या. मिथेनॉल विषारी आहे, दोन्ही द्रव पेट घेतात. हातमोजे घाला आणि हवा खेळती ठेवा.

हट्टी कणांसाठी पॉलिमरचा लेप मिळतो. तो ओतायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि सालीसारखा सोलून काढायचा. सोलताना पृष्ठभागावर स्थिर विद्युतभार येतो आणि तो आजूबाजूची धूळ ओढून घेतो. म्हणून सावकाश सोला आणि आयनीकृत नायट्रोजनचा झोत सोडत राहा. प्रत्येक पुसण्यानंतर रिंगडाउन घ्या. मायक्रोस्कोप फक्त सुचवतो, निकाल रिंगडाउनचा.

थर असेल तर

रुबिडियमचा डिस्पेन्सर (अणूंची वाफ सोडणारा स्रोत) आरशाकडे तोंड करून असेल तर काही आठवड्यांत आरशावर थर चढतोच. पहिलं काम, डिस्पेन्सर आणि आरसा यांच्या सरळ रेषेत धातूचा पडदा. दुसरं, आरसे चेंबरपेक्षा ५ ते १० अंश उबदार ठेवा; अणू थंड जागी जाऊन बसतात. थर हलका असेल तर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचे एलईडी रात्रभर लावून तो बराचसा उडवता येतो.

फसवा दोष वेगळाच आहे. लेपाचा सर्वांत वरचा थर टँटलम पेंटॉक्साइडचा असेल तर निर्वातात, विशेषतः तापवताना, त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि शोषण वाढतं. निळ्या-जांभळ्या प्रकाशाकडे हा त्रास तीव्र होतो. बेकिंगच्या (निर्वातासाठी चेंबर तापवण्याच्या) आधी उत्तम असलेला फिनेस नंतर घसरलेला दिसला आणि आरशावर कणही नसेल, तर संशय इथे घ्या. ऑक्सिजनच्या सान्निध्यात आरसा पुन्हा तापवला की तोटा बराच भरून येतो. नवे आरसे मागवताना वर सिलिकाचा पातळ थर सांगितला तर पुढची कटकटच नको. बेकिंगचं तापमान गोंद आणि पीझो सोसतील तेवढंच ठेवा. बहुतेक रचनांत १०० ते १२० अंशांच्या पुढे जाऊ नये.

शिखरं जाड, पण रिंगडाउन ठणठणीत

मग लॉक थरथरतो आहे. १ लाख फिनेसला कॅव्हिटीची रुंदी लांबीच्या भाषेत ३.९ पिकोमीटर असते. अ‍ॅल्युमिनियमचा १ मिलिमीटर तुकडा एका अंशाला २३ नॅनोमीटर वाढतो, म्हणजे जवळपास सहा हजार रुंद्या. १५० व्होल्टला ३ मायक्रॉन सरकणारा पीझो घेतला तर एका रुंदीला ०.२ मिलिव्होल्ट पुरतो. शांत लॉक हवा असेल तर पीझोवरचा गोंगाट त्याच्या दहाव्या हिश्शात, म्हणजे ०.०२ मिलिव्होल्टमध्ये बसला पाहिजे. साध्या हाय-व्होल्टेज ड्रायव्हरला हे जमत नाही. मालिकेत १० किलो-ओहमचा रेझिस्टर घाला. पीझोची क्षमता १०० नॅनोफॅरड असेल तर १६० हर्ट्झच्या वरचा गोंगाट गाळला जातो. वेगवान दुरुस्ती लेसरच्या फ्रिक्वेन्सीवर करा, पीझोकडे फक्त सावकाश सरकणं ठेवा.

लॉकच्या त्रुटी-सिग्नलचा (जुळणी किती चुकते ते सांगणाऱ्या सिग्नलचा) स्पेक्ट्रम बघा. ५० आणि १०० हर्ट्झला टोकं असतील तर अर्थिंगचा फेरा आहे. सगळी उपकरणं एकाच बिंदूला अर्थ करा. १० ते ६० हर्ट्झमध्ये रुंद फुगवटा असेल तर जमीन हलते आहे. साताऱ्यात राष्ट्रीय महामार्ग ४८ जवळ असेल किंवा हंगामात उसाच्या ट्रॉल्या खिडकीखालून जात असतील, तर तो फुगवटा घड्याळ लावून येतो. कंपनासाठी तळमजलाच चांगला. पण सांगलीत कृष्णाकाठच्या वस्तीत २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तळमजल्यावर निर्वात यंत्रणा ठेवायचा सल्ला देता येत नाही. तिथे पहिल्या मजल्यावर, भिंतीच्या किंवा खांबाच्या कडेला, हवेच्या पायांचं टेबल ठेवा. खोलीच्या मध्यावर स्लॅब सर्वांत जास्त हलतो.

वीज गेली-आली की आयन पंप बंद पडून दाब वाढतो. त्याला आणि तापमान-नियंत्रकांना ऑनलाइन प्रकारचा यूपीएस द्या. पावसाळ्यात आणखी एक: २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २४ अंशांच्या थोडा वर असतो. लेसर डायोड १८ अंशांवर ठेवला तर डब्यात दव पडणारच. सेटिंग २५-२६ वर आणून तरंगलांबी करंटने जुळवा, नाहीतर डबा सीलबंद करून आत सिलिका जेल ठेवा.

शिखरं बारीक, पण जवळ सरकलेली

आता कुठे अणूकडे वळायचं. पहिली तपासणी प्रोबच्या प्रकाशाची. वरच्या उदाहरणात सरासरी ०.१५ फोटॉन कॅव्हिटीत असले तरी अणू तृप्त (आणखी प्रकाशाला दाद न देणारा) व्हायला लागतो आणि शिखरं एकत्र येतात. म्हणून पॉवर वाढवून सिग्नल सुधारायला जाणं घातक. ०.०५ फोटॉनच्या आत राहा. एका आरशातून तेव्हाही सेकंदाला सुमारे दीड लाख फोटॉन बाहेर येतात. एकल-फोटॉन डिटेक्टरला ते भरपूर आहेत.

दुसरी जागेची. प्रोबच्या स्थिर तरंगाचे प्रस्पंद (प्रकाश सर्वांत तीव्र असलेल्या जागा) दर ३९० नॅनोमीटरवर असतात. अणू निस्पंदावर (जिथे प्रकाश नसतो तिथे) बसला तर जी शून्य. ८५२ नॅनोमीटरच्या लेसर-सापळ्यात अणू ४२६ नॅनोमीटरच्या अंतराने बसतात, दोन्ही तरंग दर ४.६ मायक्रॉनला एकमेकांतून निसटतात आणि जीच्या वर्गाची सरासरी निम्म्यावर येते. १५६० नॅनोमीटरचा सापळा घेतला तर त्याची घरं ७८० वर येतात आणि प्रत्येक घर प्रोबच्या प्रस्पंदावर बसवता येतं. त्यासाठी आरशांचा लेप दोन्ही तरंगलांबींना सांगून घ्यावा लागतो.

तिसरी ध्रुवणाची. पूर्ण जी मिळतो तो वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाला, अणू टोकाच्या उपपातळीत असताना. आरसा गोंदाने ताणला गेला की त्यात द्विअपवर्तन (दोन ध्रुवणांसाठी वेगळा अपवर्तनांक) येतं. एका फेरीत ६३ मायक्रोरेडियनचा फरकही दोन ध्रुवणांना पूर्ण एक रुंदी दूर नेतो. तपासायला रेषीय ध्रुवण ४५ अंशांत आत सोडा आणि अणू नसताना स्कॅन करा. एका शिखराची दोन झाली तर ताण आहे. गोंदाचे तीन छोटे ठिपके पुरतात, कडेभर थर लावू नका आणि कमी आकसणारा इपॉक्सी घ्या. चुंबकीय क्षेत्र कॅव्हिटीच्या अक्षावर एक गाउसच्या आसपास ठेवा. या संक्रमणाची रेषा गाउसला १.४ मेगाहर्ट्झ सरकते, त्यामुळे आयन पंपाचं चुंबक जवळ असेल तर शिखरं तिरपी झालेली दिसतील आणि दोष लांबीचा वाटेल.

हे सगळं करायच्या आधी, कॅव्हिटी नवी असतानाच, पाच आकडे वहीत लिहून भिंतीवर लावा: शून्य-शून्य आणि एक-शून्य मोडचं रिंगडाउन, शिखरावरचं पारगमन, दोन ध्रुवणांमधलं अंतर आणि लॉकच्या त्रुटी-सिग्नलचा आरएमएस (सरासरी चढउतार). दर सोमवारी, अणू आत सोडण्याआधी, तेच पाच पुन्हा घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. रिंगडाउन सलग दोन आठवडे पाच टक्क्यांहून जास्त घसरलं तर तिसऱ्याची वाट न बघता एक-शून्य मोडची तपासणी करा. दोन वेळा साफ करूनही आकडा परत आला नाही, तर तो आरसा बाजूला काढा आणि तीन आरशांच्या चाचणीतला तिसरा म्हणून डबीत जपून ठेवा.